तांब्यावरचा बर्फ

९ नोव्हेंबर

ती. बाबा,

मायना असाच राहू दे. कागदोपत्री आता तुम्ही माझे कोणी लागत नाही, म्हणून आधी 'महोदय' लिहून पाहिलं. ते वाचून माझं मलाच हसू आलं आणि कागद फाडला. तुम्हाला खटकलं तर सांगा, बदलेन.

कामाचं बोलते. हिवाळ्याच्या बारा चित्रांपैकी आठ तुम्ही तांब्यावर उतरवून छापलीत. उरलेली चार मी मागच्या हिवाळ्याच्या अखेरीस इथे आल्यावर काढली. तलाव, कुंपण, लाकडाची वखार आणि धुक्यातला रस्ता. तुमच्या मुलापासून मी वेगळी झाले, आता त्याच घरात माझं काम छापलं जावं का, हा प्रश्न तुमच्याही मनात आला असेल. नको वाटत असेल तर सरळ लिहा. आठ पत्रे तुमच्याकडेच राहू देत, मी आठांवर संच बंद करेन. मनाला लावून घेणार नाही.

दुसरा माणूस मी शोधला होता. तो पत्र्यांवरची शाई यंत्रावर पुसतो. त्याचे नमुने पाहिले. बर्फ टाइल्ससारखा दिसतो.

मी ठीक आहे. वखारीच्या मालकिणीच्या घरात वरची खोली घेतली आहे. खाली दिवसभर करवत चालते, संध्याकाळी थांबली की कान बधिर झाल्यासारखे वाटतात. न्हाणीघरातच फिल्म धुते. मालकिणीनं विचारलं, फोटो तर निघाला, मग पुढे एवढं काय असतं? मी सांगितलं, तो फोटो तांब्याच्या पत्र्यावर आम्लानं कोरायचा, कोरलेल्या खळग्यांत शाई भरायची, वरवरची पुसून काढायची, मग ओला कागद ठेवून प्रेसमधून काढायचा. आणि प्रत्येक प्रतीला हे पुन्हा पहिल्यापासून. ती म्हणाली, "तेवढ्या वेळात मी दोन ट्रक लाकूड विकते."

आईंना नमस्कार.

तुमची,
बर्फवाली

(हे टोपणनाव तुम्हीच दिलंय, ते काही कोर्टानं काढून घेतलं नाही.)


१८ नोव्हेंबर

प्रिय बर्फवाली,

माझं अक्षर लागत नाही अशी तुझी जुनी तक्रार होती, म्हणून टाइप करतोय. एका बोटानं. तेव्हा पत्र लांबणार नाही.

बाबाच म्हण. या वयात नवीन हाक कानाला लागायची नाही.

चार चित्रं पाठव. आठांवर संच बंद करायचा विचार डोक्यातून काढ. तुझं त्याच्याशी पटलं नाही, ते तुमचं तुम्ही पाहिलंत. माझं तुझ्या निगेटिव्हशी काही बिनसलेलं नाही.

आता तक्रार ऐक. मागच्या खेपेचे पत्र्यासाठीचे पॉझिटिव्ह तू फार कडक काढलेस. बर्फाच्या जागी फिल्म अगदी काचेसारखी स्वच्छ होती. तिथे आम्लाला खायला काही उरत नाही आणि कागद कोरा राहतो. कोरा कागद म्हणजे बर्फ नव्हे. या वेळी बर्फातही थोडं करडं राहू दे, अगदी फुंकर मारल्याएवढं. बाकीचं मी बघतो.

मुलगा बरा आहे. नव्या जागी राहायला गेला. रविवारी येतो, जेवतो, जातो.

तुझ्या सासूबाई बऱ्या आहेत.

बाबा


४ डिसेंबर

ती. बाबा,

पॉझिटिव्ह वेगळ्या पार्सलनं पाठवलेत, दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये. करडं ठेवलंय. दोनदा काढले, पहिले जरा जास्तच मळकट झाले.

तलावाचं थोडं सांगते म्हणजे पत्र्यावर काय यायला हवं ते कळेल. हा तलाव गावाबाहेर आहे, पंपहाऊसच्या मागे. काठावरून चित्र सपाट येत होतं, म्हणून मी बर्फावर उतरले. मालकिणीनं आधी काठी आपटून दाखवलं की इथपर्यंत जा, पुढे नको. कॅमेरा कोटाच्या आत धरला होता, बाहेर काढला की शटर आखडायचं. फिल्म इतकी कडक झाली होती की गुंडाळताना मोडेल की काय अशी भीती. सकाळी ढग होते, सावल्या नव्हत्या. तुम्ही म्हणता ना, सावली नसेल तर बर्फाला पाठपोट राहत नाही? तशीच वेळ. तासभर उभी राहिले. मग ढग जरा फाटले आणि वाऱ्यानं बर्फावर पाडलेल्या लाटा दिसायला लागल्या. तेवढ्यात चार फोटो घेतले, त्यातला हा तिसरा.

त्या लाटा यायला हव्यात, बाबा. त्या गेल्या तर चित्रात काही नाही.

आईंना तीन वेळा फोन केला. उचलत नाहीत. एकदा उचलला आणि नुसताच ठेवला. त्यांचा राग मी समजू शकते, आपल्या पोटच्या पोराची बाजू कोणतीही आई घेणार. तरी तुम्ही एकदा त्यांच्या कानावर घाला, की मी घर सोडलं म्हणजे माणसं सोडली नाहीत.

तुम्ही विचारलं नाहीत, पण सांगते. आमच्यात भांडण नव्हतं. शेवटचं वर्षभर आम्ही एका घरातल्या दोन भाडेकरूंसारखे वागत होतो, फार सभ्यपणे. एक दिवस लक्षात आलं की मी दारावर टकटक करून आपल्याच स्वयंपाकघरात जाते आहे.

बर्फवाली


२९ डिसेंबर

प्रिय बर्फवाली,

सोबत तलावाचं प्रूफ आहे. सपाट ठेव, गुंडाळू नको.

पहिला पत्रा वाया गेला. चित्र उतरवलेला जिलेटिनचा कागद तांब्यावर चिकटवताना कोपऱ्यात हवा राहिली, कोमट पाण्यात धुताना तेवढं जिलेटिन सुटून आलं आणि आम्ल तिथून आत शिरलं. आकाशाच्या कडेला काळा ठिपका पडला, ढेकणाएवढा. घासून काढता आला असता, पण मला कळला असता. दुसरा पत्रा केला.

यात घाई चालत नाही हे तुला माहीत आहे, पण तुझ्या त्या लाकूडवाल्या बाईंना सांग. पत्रा आधी घट्ट द्रावणात जातो, तिथे काळे भाग खाल्ले जातात. मग त्याहून पातळ, मग आणखी पातळ. बर्फाची पाळी सगळ्यात शेवटी, सगळ्यात पातळ द्रावणात. तिथे दारावर कोणी आलं म्हणून जरा मान वळवली तरी बर्फाची राख होते. या वेळी दारावर कोणी आलं नाही.

तुझ्या लाटा आल्या आहेत असं मला वाटतं. तू बघ.

आईच्या कानावर घातलं. ती "बरं" म्हणाली.

बाबा


७ जानेवारी

ती. बाबा,

प्रूफ खिडकीशी नेऊन पाहिलं आणि तिथेच बसले. लाटा आल्या आहेत, पण तेवढंच नाही. बर्फ जिथे खोलगट आहे तिथे शाईचा अगदी पातळ थर मुद्दाम राहू दिलाय. पाय टाकला तर रुतेल असं वाटतं. आधीच्या आठांतलं एकही चित्र इतकं मऊ नाही. राग येऊ देऊ नका, पण तुम्ही असं पुसत नाही. तुम्ही स्वच्छ पुसता. तुमच्या कडा कागद कापल्यासारख्या असतात.

म्हणून भिंग लावलं. आकाशात शाई पुसणाऱ्या तळहाताच्या शेवटच्या फटकाऱ्याच्या बारीक रेषा दिसतात. तुमच्या रेषा नेहमी एकाच बाजूला उतरतात, इतकी वर्षं पाहते आहे. या उलट्या बाजूला उतरतात. हा डावखुऱ्या माणसाचा हात आहे.

कोणाचा आहे?

बर्फवाली


१५ जानेवारी

प्रिय बर्फवाली,

हात घरचाच आहे. चित्र चांगलं झालं ना, मग झालं.

कुंपणाचा पत्रा घेतोय.

बाबा


२२ जानेवारी

ती. बाबा,

कुंपणाचं काम थांबवा.

घरात डावखुरा माणूस एकच आहे. लहानपणी तुम्ही त्याला पत्रा पुसायला शिकवलं होतंत, हे तो मला अनेकदा सांगायचा. रविवारी येतो, जेवतो, जातो, असं तुम्ही लिहिलंत. मधल्या वेळात काय करतो ते लिहिलं नाहीत.

मी त्याच्यावर चिडलेली नाही. पण आमच्यातलं जे संपलं ते आम्ही दोघांनी समोरासमोर बसून संपवलं आहे. आता मला न सांगता तो माझ्या चित्रांवर हात फिरवणार, आणि मी ते पाहून 'किती मऊ' म्हणणार, हे मला जमणार नाही. तो चांगलं करतो म्हणून तर आणखी नाही. एकत्र होतो तेव्हा तो माझ्या एकाही चित्राजवळ दोन मिनिटं थांबला नाही. मग आता हे कशाला? क्षमा मागायची असेल तर त्याला तोंड आहे.

तुम्ही यात मध्यस्थी केलीत असं मी म्हणत नाही. पण तुम्ही मला सांगायला हवं होतं. तुमच्याकडून लपवाछपवीची सवय मला नाही.

उरलेले पॉझिटिव्ह परत पाठवा. नऊ चित्रांचा संच करेन. किंवा आठांचाच.

बर्फवाली


१० फेब्रुवारी

तुला पत्र लिहायचं नाही असं मी ठरवलं होतं. पण तुझं मागचं पत्र ह्यांनी माझ्यासमोर ठेवलं आणि तीन दिवस जेवणाच्या टेबलावरून उचललं नाही. शेवटी मला टेबल पुसायचं होतं.

तुझा हिशेब चुकला. तो रविवारी येतो, जेवतो आणि सोफ्यावर झोपतो. वर्कशॉपमध्ये तो गेली दहा वर्षं उतरलेला नाही. डावखुरा तो कोणावर गेला, हे तू कधी विचारलं नाहीस. लहानपणी शाळेत मी डाव्या हातानं लिहिलं की पट्टी बसायची, म्हणून उजव्यानं लिहायला आणि जेवायला लागले. तेवढंच तू पाहिलंस. जोराचं काम अजून डाव्यानंच होतं. डबे उघडते तेव्हा बघायचं होतंस.

पत्रा मी पुसते.

ह्यांचा हात थरथरतो. डॉक्टर त्याला कंपवात म्हणतात. औषधं चालू आहेत, सकाळी बरं असतं, दुपारनंतर कप धरवत नाही. म्हणून तुला टाइप करून पत्रं येतात. अक्षराचं खरं कारण हे तुला सांगणार नाहीत, मीही सांगणार नव्हते. लपवाछपवी म्हणालीस म्हणून सांगते.

मागच्या हिवाळ्यात एकदा मी नेहमीसारखी खाली कागद भिजवायला गेले. तेव्हा तू याच घरात होतीस, तुझं सातवं चित्र चाललं होतं, झाडांचं. तीन प्रती खराब होऊन पडल्या होत्या आणि हे स्टुलावर दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले होते. तीस वर्षं त्या खोलीत कागद भिजवतेय, पुसताना कसं बघायचं ते मला पाठ आहे. मी कापड उचललं. हे म्हणाले, "असं नाही." मी तसंच करत राहिले. थोड्या वेळानं म्हणाले, "बरं, कर तुला हवं तसं." सातवं आणि आठवं माझंच आहे. ती काळी चित्रं होती, त्यात रेषा दिसत नाहीत म्हणून तुझ्या भिंगाला सापडले नाही.

आम्लाचं काम अजून हेच करतात. तिथे हात नाही, डोळा लागतो. द्रावणं बदलायला मी असते.

आता फोनचं. तू लिहिलंस की मी पोराची बाजू घेतली. मी कोणाची बाजू घेतली नाही. तुमचं पटत नाही हे मला तुमच्या आधी कळलं होतं, धुण्यात कपडे पडतात त्यावरून कळतं. माझा राग वेगळा आहे. घर सोडायच्या आदल्या दिवशी तू खाली वर्कशॉपमध्ये जाऊन ह्यांना सगळं सांगितलंस. मी गच्चीवर चादरी धूत होते. तू वर आलीस, माझ्याबरोबर चारी चादरी पिळल्यास, तारेवर टाकल्यास, चिमटे लावलेस आणि एक अक्षर बोलली नाहीस. दुसऱ्या दिवशी तुझी बॅग दारात दिसली तेव्हा मला कळलं. त्या चादरी मी एकटीनं काढल्या.

पॉझिटिव्ह परत पाठवायचे की नाही ते लिही. ह्यांनी कुंपणाचा पत्रा तयार करून तेल लावून ठेवला आहे.

आई


१६ फेब्रुवारी

ती. आई,

तुमचं पत्र वाचल्यावर पहिल्यांदा मी सातवं आणि आठवं चित्र काढून पुन्हा पाहिलं. मग दिवसभर करवतीचा आवाज ऐकत बसले. मालकीण वर येऊन विचारून गेली, बरं आहे ना म्हणून.

पॉझिटिव्ह परत पाठवू नका.

त्याच्याविषयी मी जे लिहिलं ते चुकलं. त्याला काही माहीत नसेल तर त्याला सांगायचीही गरज नाही.

चादरींचं सांगते. गच्चीवर मी तुम्हाला सांगायलाच आले होते. चादरीचं एक टोक तुमच्या हातात होतं, एक माझ्या, आणि तुम्ही पिळताना मला म्हणालात, 'जरा जोरानं धर.' मला वाटलं, मी आत्ता बोलले तर या 'राहा' म्हणतील. बाबांनी 'विचार केलास ना' एवढंच विचारलं होतं, तिथे उत्तर देणं सोपं होतं. तुम्ही 'राहा' म्हणाला असतात तर मी राहिले असते, आणि मग आपण सगळ्यांनी मिळून ते सभ्यपणाचं नाटक आणखी किती वर्षं ओढलं असतं कोण जाणे. म्हणून चिमटे लावत राहिले. तुम्हाला हे पटणार नाही कदाचित. पण तुमचं माझ्यावर चालतं म्हणून मी बोलले नाही, चालत नाही म्हणून नव्हे.

बाबांचा हात किती दिवस असा आहे, आणि औषधानं काही फरक आहे का, ते मला नीट लिहा. त्यांना विचारलं तर ते 'सकाळी बरं असतं' एवढंच सांगतील.

एक गोष्ट ठरवायची आहे. संचाच्या शेवटच्या पानावर फोटो कोणाचे आणि छपाई कोणाची ते लिहायचं असतं. आतापर्यंत छपाईखाली एकच नाव होतं. आता दोन हवीत.

तुमची


२४ फेब्रुवारी

नाव वगैरे काही नको. छापखाना ह्यांचा आहे. मी कापड धरते, एवढ्यासाठी नाव घातलं तर उद्या कागदवाल्याचंही घालावं लागेल.

हात दीड वर्षापासून असा आहे. औषधानं फरक पडतो पण कमी कमी होत चाललाय. चिडचिड करत नाहीत. उलट पूर्वीपेक्षा बडबड वाढली आहे, मी पुसायला लागले की शेजारी उभे राहून सूचना देत असतात. मी त्या कानामागे टाकते.

चादरींचं वाचलं. मी 'राहा' म्हणाले असते की नाही, ते मला आज सांगता येत नाही. बहुधा म्हणाले असते. पुढच्या वेळी कोणाला काही सांगायचं असेल तर त्या माणसाला नकार द्यायची तरी संधी द्यावी.

तलावाच्या सगळ्या प्रती काढून झाल्या, दोन पुठ्ठ्यांत वाळताहेत. वखार आणि रस्ताही झाला, ती दोन सोपी गेली, त्यात काळं भरपूर आहे. कुंपण अडलंय. पाच वेळा पुसलं, पाचही वेळा बर्फ एक तर पिठासारखा दिसतो नाहीतर धुण्याच्या पाण्यासारखा. तुझ्या चित्रात कुंपणाच्या अलीकडे बर्फ आणि पलीकडेही बर्फ. पण अलीकडचा आणि पलीकडचा एकसारखा असेल का? पलीकडे काय आहे? शेत आहे की उतार आहे? कुंपणाची सावली बर्फावर पडते ती टोकाला फिकी होते की तशीच काळी राहते? मी बर्फ पाहिलेला नाही. फ्रिजमधला पाहिला आहे, तो मी सुरीनं काढते. ह्यांना विचारलं तर म्हणतात, शाईकडे बघून पूस, बर्फाकडे बघून नको. त्यांचंही ठीक आहे, त्यांनीही पाहिलेला नाही.

रविवारी तो आला होता. वाळत ठेवलेलं तलावाचं चित्र त्यानं पाहिलं. म्हणाला, "इथे मी तिच्याबरोबर एकदा गेलो होतो, बूट ओले झाले म्हणून सारखी कुरकुर केली." मग बराच वेळ पाहत उभा राहिला. तुला सांगू नको असं म्हणाला नाही, म्हणून सांगते.

आई


१ मार्च

ती. आई,

कुंपणाच्या पलीकडे उतार आहे, तो नाल्यात जातो. नाला बर्फाखाली असल्यामुळे दिसत नाही, पण तिथे बर्फ जरा खचलेला असतो. सावली टोकाला फिकी होते आणि निळसर दिसते, काळ्या शाईत निळं कसं आणायचं ते मला सांगता येणार नाही. एवढं लिहिलं आणि वाचून पाहिलं. याच्यावरून कोणालाही काही पुसता यायचं नाही.

तुम्ही या. अजून तीनेक आठवडे बर्फ टिकेल, मग चिखल होतो. बसनं याल तर स्टँडवर मी असेन. मालकीण म्हणते तिच्याकडे जादा बूट आहेत आणि खाली एक खोली रिकामी आहे, फक्त करवतीचा आवाज सहन करायची तयारी हवी. बाबांजवळ थांबायला तुमच्या बहिणीला बोलावता येईल का? मी बाबांनाही लिहिते आहे, पण ते येणार नाहीत, प्रवासात कप सांडतो म्हणून, हे मला आता कळतं.

नाही म्हणायची संधी तुम्हाला आहे.

तुमची


१३ मार्च

ह्यांना,

तुम्हाला पत्र लिहून किती वर्षं झाली ते आठवत नाही, तेव्हा मायन्याकडे दुर्लक्ष करा. फोनवर तुम्ही नुसतं "हूं" म्हणता, म्हणून लिहिते.

पोचले. घराच्या पायरीवरच घसरले, पण मालकिणीनं दंडाला धरलं. तिचे बूट मला दोन बोटं मोठे होतात, आत दोन मोजे घालते. बाई चांगली आहे, मोठ्यानं बोलते, करवतीमुळे सवय झाली असणार. सून... ती स्टँडवर आली होती. वाळली आहे. माझी पिशवी घेतली आणि चालायला लागली. रस्त्यात आम्ही फक्त पिशवीविषयी बोललो, जड आहे का, काय आहे वगैरे.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं मला कुंपण दाखवलं. पलीकडचा बर्फ अलीकडच्यापेक्षा खरंच वेगळा आहे. अलीकडे माणसं-गाड्या जातात, धूळ बसते, तो बसका आणि जुना दिसतो. पलीकडे कोणी गेलेलं नाही. हे तिच्या फोटोत होतंच, मला वाचता येत नव्हतं. सावलीच्या टोकाला किती शाई ठेवायची ते मला आता कळलं आहे. शेजारून सूचना नकोत.

मग तलावावर गेलो. तिनं काठी आपटून मला आत नेलं. मी थोडी घाबरले, तिच्याच पावलांवर पाऊल ठेवत गेले. बर्फावर चाललं की आवाज होतो हे मला कोणी सांगितलं नव्हतं. तिनं कॅमेरा लावला आणि ढगांची वाट बघत उभी राहिली, मी तिच्या शेजारी. वारा कानाला लागत होता. तिथे मी तिला विचारलं.

"परत येशील?"

"नाही, आई," ती म्हणाली. "त्याच्याकडे नाही."

उत्तर मला माहीत होतं. तिनं माझ्या तोंडावर द्यावं एवढंच मला हवं होतं. मला वाटलं होतं त्यापेक्षा कमी वाईट वाटलं. थोडं वाटलंच. मग तिनं थर्मासमधला चहा काढला, झाकणात मला दिला, स्वतः तशीच थर्मासमधून प्याली आणि तिची जीभ भाजली. मी म्हटलं, एवढी वर्षं बर्फाचे फोटो काढून तुला अजून चहा थंड करून पिता येत नाही. ती हसली. मग डोळे पुसत होती, वाऱ्यानं असेल.

नंतर मी कोटाच्या आतून तलावाचं छापलेलं चित्र काढलं. ते मी बरोबर आणलं होतं, तुम्हाला सांगितलं नव्हतं, तुम्ही नेऊ दिलं नसतं. ते समोर धरून मी चित्र बघितलं आणि तलाव बघितला, चित्र आणि तलाव, असं कितीदा तरी. चित्र सुंदर आहे. पण लांबचा काठ मी चुकीचा पुसला आहे. तिथे मी पार कागदापर्यंत स्वच्छ नेलं, कारण दूरचं म्हणजे फिकं असणार असं मला वाटलं. तसं नाही. लांबच्या काठाला बर्फ पातळ आहे, खालचं गोठलेलं पाणी वर करडं दिसतं. तुम्ही तिला पॉझिटिव्हमध्ये करडं ठेवायला सांगितलं, तिनं ठेवलं, तुम्ही आम्लात ते सांभाळलं आणि मी पुसून टाकलं.

तिला दाखवलं. ती म्हणाली, कोणाला कळणार नाही, इतकी छान आली आहेत, राहू द्या. रात्री तेच म्हणाली. सकाळी मालकिणीलाही माझ्यामागे लावलं.

नावाचं मी तिला नाही म्हटलं होतं, तुम्हीही माझ्यामागे लागला होतात. त्याचा विचार केला. माझं नाव घाला, तुमच्या खाली, त्याच आकाराच्या अक्षरात. पण मग तलावाच्या सगळ्या प्रती बाजूला काढून ठेवा, एकही बाहेर जाऊ देऊ नका. नाव नव्हतं तोवर ठीक होतं. आता ती चूक माझ्या नावावर राहील.

पत्रा नवा करायला नको, पत्र्यात सगळं आहे. फक्त शाई राहू द्यायची आहे. मी शुक्रवारी येते. गुरुवारी कागद भिजत घाला, तेवढं तुम्हाला जमेल. सकाळी घाला.

तुमची